हाकेला गोडी हवी



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६ (आत्मसंयमयोग), श्लोक २६.

श्लोकाचा भावार्थ असा: मन चंचल आहे, एका जागी ठरत नाही. ते ज्या ज्या कारणानं बाहेर धावेल, तिथून तिथून त्याला आवरावं आणि परत आणून आत्म्याच्या ठायी स्थिर करावं.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचला होता. पण तो मला समजला आमच्या काळूमुळे. काळू म्हणजे आमचा कुत्रा. आजच्या चिंतनात त्याची गोष्ट बरीच येणार आहे, आणि तुमच्याकडे कुत्रा असेल तर त्याला हाकेवर यायला कसं शिकवायचं हेही येणार आहे. कुत्रा नसेल तरी वाचा. मन तर सगळ्यांकडेच आहे.

झालं काय?

मी सध्या यवतमाळला घरूनच काम करतो. काळू आमच्याकडे आला तो श्रावणातल्या पावसात, फाटकाखाली भिजत बसलेलं गावठी पिल्लू म्हणून. आईनं दूध दिलं आणि तो घरचाच झाला. आठ-नऊ महिन्यांचा झाला तेव्हा अंगात वारं शिरल्यासारखा पळायचा.

एका संध्याकाळी फाटक उघडं राहिलं आणि तो बाहेर सटकला. आमच्या घरापासून नागपूर-तुळजापूर महामार्ग फार लांब नाही. मी मागे धावत ओरडलो, "काळू, इकडे ये!" तो थांबला. मान वळवून त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणजे ऐकू आलं होतं, कळलंही होतं. आणि मग तो उलट्या दिशेनं, थेट हायवेकडे पळाला. एका ट्रकनं करकचून ब्रेक मारला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दैवयोगानं काळू वाचला आणि पलीकडच्या शेतात दिसेनासा झाला.

तासाभरानं तो आपणहून घरी आला, शेपूट पायात घालून. आणि मी काय केलं? भीती, राग, सगळं एकत्र उसळलं आणि मी पायातली चप्पल काढून त्याला दोन हाणल्या. लिहितानाही लाज वाटते.

आमच्याकडे दूध घालणारे काका तेव्हा फाटकाशीच होते. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, घरी आल्यावर मारलं त तो उद्या कायले येईन?"

रात्री झोप लागली नाही. गेल्या काही महिन्यांत मी "काळू, इकडे ये" असं कधी कधी म्हणालो ते आठवून पाहिलं. आंघोळ घालायची असेल तेव्हा. साखळीला बांधायचं असेल तेव्हा. चप्पल चावल्याबद्दल रागवायचं असेल तेव्हा. खेळ बंद करून आत न्यायचं असेल तेव्हा. जेवणासाठी मात्र मी त्याला कधीच हाक मारली नव्हती. ताटलीचा आवाज आला की तो स्वतःच यायचा. म्हणजे "इकडे ये" या दोन शब्दांचा अर्थ त्याच्या लेखी एकच होता: आता काहीतरी वाईट होणार. तो हायवेकडे पळाला तेव्हा त्यानं माझी आज्ञा मोडली नव्हती. मी जे शिकवलं होतं, तेच तो करत होता.

महाभारताची सुरुवात आणि शेवट

महाभारतात शेवटी युधिष्ठिराबरोबर चालणारा कुत्रा आपल्या सगळ्यांना माहीत असतो. त्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराज नकार देतो. पण आदिपर्वाच्या सुरुवातीलाही एक कुत्रा आहे, हे मला फार उशिरा कळलं. जनमेजयाच्या यज्ञात देवांची कुत्री सरमा हिचं पिल्लू येतं. त्यानं हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नसतं, साधी नजरही टाकलेली नसते. तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. सरमा यज्ञात येऊन विचारते, याचा अपराध काय? कुणाकडेच उत्तर नसतं. तेव्हा ती सांगते की तुझ्यावर न दिसणारं भय येईल.

त्या रात्री मला सरमेचा प्रश्न आठवत राहिला. काळूचा अपराध काय? पळाला, हा म्हणा हवं तर. पण मी मारलं ते पळाल्यानंतर तासाभरानं, तो परत आल्यावर. कुत्रा तासाभरापूर्वीची चूक आणि आत्ताचा मार यांची सांगड घालू शकत नाही. मार बसण्याच्या अगदी आधी आपण जे केलं, त्याच्याशीच तो तो मार जोडतो. काळूनं अगदी आधी काय केलं होतं? तो घरी आला होता. मार मिळाला तो घरी येण्याला.

आजीची भाकर

मग मी शोधायला, वाचायला लागलो. रशियातले शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी दाखवलं होतं की एखाद्या खुणेनंतर पुन्हा पुन्हा अन्न मिळालं, तर पुढे नुसत्या खुणेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. अमेरिकेतले एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ च्या सुमारास मांजरांवर प्रयोग करून एक साधा नियम मांडला: ज्या वागण्याचं फळ सुखद, ते वागणं पुन्हा होतं, ज्याचं फळ दुःखद, ते कमी होतं. आजचं बक्षीस देऊन शिकवण्याचं सगळं तंत्र या दोन गोष्टींवर उभं आहे.

हे वाचताना मला आठवली आमची आजी. गावाकडे जेवणं आटोपली की ती ओसरीवर यायची आणि "यू यू यू" करायची. गल्लीतली सगळी कुत्री कुठूनही धावत यायची. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण हातात भाकर नसताना आजीनं "यू यू" केलं, असं एकदाही झालं नाही. आणि आलेल्या कुत्र्याला तिनं "हाड" म्हटलं, असंही झालं नाही. पावलॉव्हचं नाव न ऐकता तिनं ती हाक आयुष्यभर गोड ठेवली होती.

"इकडे ये" हे शब्द मी बिघडवून ठेवले होते. म्हणून ते सोडून दिले आणि आजीची हाक घेतली.

काळूला कसं शिकवलं

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्यासाठी हे क्रमानं लिहितो.

१. आधी नुसती हाक आणि खाऊ. काळू समोरच बसलेला असताना "यू यू" म्हणायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. त्यानं काहीच करायचं नाही. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटं. काही दिवसांत हाक ऐकताच त्याचे कान उभे राहायला लागले.

२. खाऊ खास हवा. रोजच्या पोळीसाठी कुणी खेळ सोडून येत नाही. आम्ही पनीर, उकडलेलं रताळं, ओलं खोबरं वापरलं. तुकडा नखाएवढाच, आणि तेवढं त्याच्या रोजच्या जेवणातून कमी करायचं. एक महत्त्वाची सूचना देवघर असलेल्या प्रत्येक घरासाठी: शिऱ्याच्या प्रसादात मनुका-बेदाणे असतात, ते कुत्र्याला देऊ नका. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांना विषारी ठरू शकतात, मूत्रपिंडावर परिणाम होतो. चॉकलेट, कांदा, लसूण हेही नको.

३. बक्षीस ताबडतोब. तो पोचला की एक-दोन सेकंदांत तोंडात खाऊ. आपण डबा उघडत बसलो आणि तेवढ्यात तो खाली बसला, तर बक्षीस बसण्याला मिळतं, येण्याला नाही.

४. सोप्याकडून अवघडाकडे. आधी स्वयंपाकघरात दोन पावलं, मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणात, मग मोकळ्या मैदानात. अंतर वाढवलं की गडबड कमी ठेवायची, गडबड वाढवली की अंतर कमी. आमच्या भाषेत सांगायचं तर स्वयंपाकघर म्हणजे टेस्टिंग आणि हायवे म्हणजे प्रॉडक्शन. मी टेस्टिंग न करताच थेट प्रॉडक्शनला गेलो होतो. आणि यवतमाळचा उन्हाळा! पारा ४४ च्या वर जातो, डांबरावर त्याचे पाय भाजतात. सराव भल्या पहाटेच.

५. हाक एकदाच. दहा वेळा ओरडलं की तो शिकतो की पहिल्या नऊ हाका ऐकायच्या नसतात. एकदा हाक मारायची. नाही आला तर खाली बसायचं, टाळी वाजवायची, किंवा आपणच उलट दिशेनं पळायचं. तो मागे येतो. त्याच्या मागे मात्र धावायचं नाही. त्याला तो पाठशिवणीचा खेळ वाटतो.

६. लांब दोर. मैदानात दहा मीटरची दोरी, गळ्याला नाही तर छातीच्या पट्ट्याला बांधलेली. ओढून आणण्यासाठी ती नाही. तो कचऱ्याच्या ढिगाकडे पळून स्वतःच स्वतःला बक्षीस देऊ नये, एवढ्यासाठी ती आहे. ढिगात हाडूक मिळालं की तेही शिक्षणच झालं, फक्त उलटं.

७. आला की पुन्हा सोडायचं. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. हाक मारायची, खाऊ द्यायचा, डोक्यावरून हात फिरवायचा आणि "जा खेळ" म्हणून सोडून द्यायचं. दहातल्या नऊ वेळा असंच करायचं. मग हाक म्हणजे खेळ संपला, असं त्याला वाटत नाही.

८. आणि सगळ्यात मोठा नियम. आलेल्याला कधीही शिक्षा नाही. कितीही उशिरा येवो, चिखलात लोळून येवो, शेजाऱ्याची चप्पल तोंडात घेऊन येवो. आला ना? मग स्वागतच.

पण हे लाच देणं नाही का?

हा प्रश्न मला बाबांनीच विचारला. "तू रोज गीता वाचतो अन् कुत्र्याले फळाची आशा लावतो?" बाबांचा मुद्दा चूक नव्हता. दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ असतो. कर्म कर, फळावर हक्क सांगू नको.

मी यावर बरेच दिवस विचार केला. पहिली गोष्ट, लाच आधी दाखवतात आणि बक्षीस नंतर मिळतं. खाऊ दाखवून बोलावलं, तर कुत्रा खाऊ पाहून येतो. हात रिकामा दिसला की येत नाही. म्हणून खाऊ खिशात असतो, हाक आधी जाते, त्याचा निर्णय झाला की खाऊ बाहेर येतो. त्याला येताना ठाऊक नसतं आज काय मिळणार. त्याला एवढंच ठाऊक असतं की इकडे गेलं की भलं होतं. याला मी विश्वास म्हणेन.

दुसरी गोष्ट गीतेतच आहे. सातव्या अध्यायात (श्लोक १६ ते १८) भगवंत चार प्रकारचे भक्त सांगतात. संकटात सापडलेला, जाणून घ्यायची इच्छा असलेला, काहीतरी मागायला आलेला, आणि ज्ञानी. ज्ञानी सगळ्यात प्रिय, हे ते स्पष्ट म्हणतात. पण त्याच दमात म्हणतात की हे सगळेच थोर आहेत. मागायला आलेल्याला ते "आधी निष्काम होऊन ये" असं सांगत नाहीत. आलास ना, मग तू माझाच. वर लिहिलेला आठवा नियम इथे मला पुन्हा दिसला.

आणि तिसरी गोष्ट ज्ञानेश्वर माउलींची. सहाव्याच अध्यायात पुढे अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं वारा बांधण्याइतकं कठीण आहे (६.३४). भगवंत ते नाकारत नाहीत. कठीण आहेच म्हणतात, पण अभ्यासानं आणि वैराग्यानं ते हाती येतं, असं सांगतात (६.३५). त्यावर ज्ञानेश्वरीत माउली मनाचा एक चांगला गुण सांगतात: जिथे गोडी लागते तिथे जायची त्याला सवय होते. म्हणून त्याला कौतुकानं, खेळीमेळीनं आत्मसुखाची चव दाखवत जावी. १२९० साली नेवाशात पूर्ण झालेल्या ग्रंथात हे लिहिलं आहे! मी ती ओवी वाचून पुस्तक मिटलं आणि काळूकडे बघत बसलो.

आता आपल्या मनाकडे

जपाला बसल्यावर माझं काय व्हायचं ते सांगतो. दहा-बारा मणी झाले की मन ऑफिसच्या मीटिंगला जायचं. मग लक्षात यायचं, "अरे, भरकटलो!" आणि लगेच मी स्वतःला झोडपायला लागायचो. तुला पाच मिनिटं नीट बसता येत नाही? कसला भक्त तू? असं महिनोन्‌महिने चाललं, आणि मग माळ हातात घ्यायचाच कंटाळा यायला लागला.

हे काळूसारखंच झालं होतं. मन भरकटलं होतं हे खरं, पण "भरकटलो" हे ज्या क्षणी लक्षात आलं, त्या क्षणी ते परत आलेलं होतं. आणि मी नेमका त्याच क्षणी चप्पल काढत होतो. मार मिळत होता तो परत येण्याला. मग ते परत कशाला येईल?

६.२६ पुन्हा वाचा. मन जिथे जाईल तिथून परत आणायचं, एवढंच त्यात आहे. शिक्षेचा एक शब्दही नाही. आदल्या श्लोकात (६.२५) तर हे हळूहळू, धीरानं करायला सांगितलं आहे. आणि किती वेळा आणायचं याला मर्यादाही घातलेली नाही. जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा.

वैराग्याचा अर्थही मला लांब दोरीनं समजावला. अभ्यास म्हणजे हाक आणि खाऊ. वैराग्य म्हणजे फाटक लावून घेणं, कचऱ्याचा ढीग आवाक्यात न ठेवणं. जपाच्या वेळी मोबाईल शेजारी ठेवून मनाला दोष देण्यात अर्थ नाही. मोबाईलमध्ये प्रत्येक मिनिटाला हाडूक आहे. तो दुसऱ्या खोलीत ठेवा. फक्त दोरी हवी म्हणून खाऊ विसरू नका. नुसत्या दोरीनं कुत्रा बांधला जातो, हाकेवर येत नाही.

आजचा अभ्यास

आज फक्त अकरा मिनिटं बसा. नाम कुठलंही घ्या. मन गेलं आणि लक्षात आलं की रागवू नका. ओठांवर थोडं हसू आणा, मनात म्हणा "आलास? ये", आणि पुढचा मणी ओढा. शेवटी एक मिनिट काहीच करू नका. नुसते शांत बसा आणि जे थोडं बरं वाटतंय त्याची चव मनाला घेऊ द्या. हा त्याचा खाऊ. घाईनं उठलात तर तो खिशातच राहतो. मग आनंदानं आपापल्या कामाला लागा. "जा खेळ" हेही त्यात आहेच.

ज्यांच्या घरी मुलं आहेत किंवा म्हातारे आई-बाबा आहेत, त्यांनी एक गोष्ट तपासून पाहा. आपण त्यांना हाक मारतो तेव्हा पुढे बहुतेक वेळा काय येतं? मी तपासलं. बाबांना मी हाक मारायचो ती बहुतेक वेळा "बीपीची गोळी घेतली का?" हे विचारायलाच, तेही पोलिसासारखं. आता कधी कधी नुसतं "बाबा, चहा घेता का?" म्हणून हाक मारतो.

काळू आज

काळू काही संत झालेला नाही. खार दिसली की अजूनही पहिली हाक ऐकू येत नाही त्याला. रस्त्याच्या कडेला मी त्याला आजही पट्ट्याशिवाय नेत नाही; कितीही शिकला तरी हायवेवर भरवसा दोरीचाच. पण मागच्या महिन्यात फाटक पुन्हा एकदा उघडं राहिलं. तो बाहेर होता, रस्त्याच्या दिशेनं तोंड करून. मी ओसरीवरूनच, जागचा न हलता, आजीसारखं "यू यू यू" केलं. तो वळला. कान मागे टाकून असा काही धावत आला की माझ्या पायांवर आदळला. खिशात त्या वेळी काहीच नव्हतं. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि त्याला पोटाशी धरलं. मग आत नेऊन अख्खी पनीरची वाटी त्याच्यापुढे ठेवली. आई काही बोलली नाही.

आमच्या देवघरात माहूरहून आणलेली दत्तप्रभूंची तसबीर आहे. चार कुत्री त्यांच्या पायाशी आहेत, चार वेद म्हणतात त्यांना. परवा दिवा लावताना पहिल्यांदा नीट पाहिलं. एकाच्याही गळ्यात दोरी नाही.

देवा, माझं मन जितक्या वेळा पळेल तितक्या वेळा तू हाक मार. आणि मी उशिरा आलो, चिखलात माखून आलो, तरी मला आत घे.

उद्या: अध्याय ६, श्लोक २७.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥